जेवणं चालू असताना

सोलापूरचं दाते पंचांग बाजारात आलं की आमच्या घरात ते आधी मी उघडतो, मग आई. तिला एकादश्या-चतुर्थ्या हव्या असतात, मला विवाहमुहूर्त. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो. पौषात तो जरा थंडावतो, माघ-फाल्गुनात तापतो, वैशाख-ज्येष्ठात एकेका तारखेला दोन-दोन ठिकाणांहून विचारणा येते, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की फोन गप्प. मधेच गुरूचा किंवा शुक्राचा अस्त आला तर तेवढे दिवस कोरे. अधिक महिना कुठं पडतो यावर तर वर्षाचं गणित ठरतं. 2023 साली तो श्रावणात आला. तेव्हा एरवीही लग्नं नसतातच, त्यामुळं आमचं काही बिघडलं नाही. 2026चा अधिक मात्र ज्येष्ठातला, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सुगीत. हल्ली काढीव मुहूर्तावर लग्नं लागतात म्हणून निभावतं. कंपन्यांना पंचांग लागत नाही. त्यांचे वार्षिक समारंभ डिसेंबर ते मार्च या काळात येतात, आणि 31 डिसेंबरची रात्र तर कुठल्याही वादकानं स्वतःच्या घरी काढलेली मला माहीत नाही.

मी ऑक्टोपॅड वाजवतो. आठ रबरी पॅड असलेली ही पेटी जपानच्या रोलंड कंपनीनं 1985 साली काढली, तेव्हा महाराष्ट्रातला ऑर्केस्ट्रा काही त्यांच्या डोळ्यांसमोर नसणार. पण ड्रमसेट, कोंगो, ढोल, टाळ, घुंगरू हे सगळं एका माणसाच्या दोन काठ्यांत आणि एका पायात मावतं, शिवाय टेम्पोत जागा वाचते, हे आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी लगेच ओळखलं. मी मूळचा ढोलकीवाला. ढोलकीच्या डाव्या पुडीवर तळहात घासून जो घुमारा काढतात तो रबराच्या पॅडमधून कधीच निघत नाही, हे मला मान्य आहे आणि ते दर दोन-तीन कार्यक्रमांनंतर कोणीतरी जाणकार येऊन ऐकवतोच. ‘सैराट’ 2016 साली आला, ‘झिंगाट’शिवाय रिसेप्शन संपेनासं झालं, तेव्हा पॅडमधला तयार ढोल पुरेना. मग एका हलगीवाल्या मित्राला घरी बसवलं, त्याचे ठोके रेकॉर्ड केले आणि सॅम्पल भरता येणाऱ्या पॅडमध्ये चढवले. शेजाऱ्यांनी तो दिवस अजून विसरलेला नाही. आता माझ्या पेटीत साताऱ्याकडची हलगी आहे आणि ती वाजली की हॉलमधल्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांच्या माना वळतात. एवढं पुष्कळ झालं.

मैफलीला लोक गाणं ऐकायला येतात. लग्नाला ते भेटायला, आहेर द्यायला, जेवायला, कोणाची मुलगी केवढी झाली ते बघायला येतात. आम्हीही तिथं असतो, इतकंच. लग्नपत्रिकेसोबत येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपात ‘लाइव्ह डोसा’, ‘लाइव्ह पास्ता’ आणि ‘लाइव्ह बँड’ एका ओळीत असतात. डोशाकडं रांग जास्त. या गोष्टीचा ज्याला राग येतो तो वादक इथं टिकत नाही. चांगले तयार, कान तल्लख असलेले गिटारवादक मी दोन सीझनमध्ये सोडून जाताना पाहिलेत; त्यांची तक्रार एकच, कोणी ऐकत नाही. खरंय. पण लोक ऐकत नाहीत याचा अर्थ त्यांच्यावर काही परिणाम होत नाही असा नाही. शुभेच्छा द्यायला उभी असलेली रांग चाळीस मिनिटं पुढं सरकली नाही की लोक चिडतात. त्या वेळी संथ गाणं लावून धरलं तर आणखी चिडतात, आणि फार उडतं वाजवलं तर रांग मोडून मुलं नाचायला जातात, मग यजमान आमच्याकडं बघतात. मधली लय असते. ती कुठल्या मीटरवर सापडत नाही, रांगेतल्या माणसांच्या पायांवर सापडते. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कधी टाकतात ते बघायचं.

म्हणून मी म्हणतो की हे काम अर्धं डोळ्यांचं आहे. हात सवयीनं चालतात. डोळे मात्र दारावर, स्टेजवर, जेवणाच्या टेबलांवर आणि यजमानांच्या चेहऱ्यावर फिरते ठेवावे लागतात.

सगळ्यात कठीण परीक्षा मुलाच्या किंवा मुलीच्या काकांची. प्रत्येक लग्नात एक काका असतात. ते आधी दोन गाणी जवळ उभं राहून ऐकतात, पायानं ताल धरतात, मग निवेदकाच्या कानाला लागतात. त्यांना किशोरकुमार म्हणायचा असतो. आमचा कीबोर्डवाला विचारतो, “काका, पट्टी कोणती?” काका म्हणतात, “तुमची असेल ती.” मुखडा ते जिथून उचलतील तिथून उचलतात. कीबोर्डवाला एका हातानं सूर शोधतो, दुसऱ्या हातानं ट्रान्सपोजचं बटण दाबतो, आणि पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत काळी पाच सापडते. सापडली की कळतं, या पट्टीत अंतरा काकांना झेपणार नाही. मग मधल्या म्युझिकमध्ये गुपचूप दोन स्वर खाली उतरायचं. हे त्याचं काम. माझं काम वेगळं. काकांना मधलं म्युझिक तेवढं वाजतं हेच माहीत नसतं, कारण घरी गाताना ते म्युझिक गाळून थेट अंतऱ्यावर जातात. सोळा मात्रांपैकी दहावीला ते सुरू होतात. मी त्यांच्या छातीकडं बघत असतो. माणूस गायच्या आधी श्वास घेतो, खांदा किंचित उचलतो. खांदा उचलला की मी ठेका तिथंच मोडतो आणि सम त्यांच्या पहिल्या शब्दाखाली आणून ठेवतो. ढोलकवाला माझ्याकडं बघतो, गिटारवाला ढोलकवाल्याकडं. उरलेल्या मात्रा कुठं गेल्या हे सगळ्या हॉलमध्ये पाच जणांना कळतं आणि ते पाचही जण वाजवत असतात. गाणं संपतं, टाळ्या पडतात, काकू मोबाइल खाली ठेवतात. काका घामेजलेल्या हातानं माझा हात धरून म्हणतात, “तुमचा ठेका छान आहे हो, गायला सोपं जातं.” ही दाद मी कुठल्याही समीक्षकाच्या दादेपेक्षा वरची समजतो. सरळ चालणाऱ्या गायकाला साथ करायला तालमीत वाढलेला कोणताही पोरगा चालतो. काकांना सांभाळायला वर्षं जावी लागतात.

मुहूर्ताचं वाजवणं थोड्याच ठिकाणी आमच्याकडं येतं. तो मान सनई-चौघड्याचा, नाहीतर वरातीच्या ब्रास बँडचा, आणि तो त्यांच्याकडंच राहावा असं मला वाटतं. पण हल्ली छोट्या हॉलमध्ये एवढी माणसं परवडत नाहीत, मग यजमान म्हणतात, तुम्ही आहातच तर अक्षतांनाही वाजवा. पंचांगातला मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा असला, तर गुरुजींच्या घड्याळात तो 12 वाजून 37 मिनिटांनीच होतो, मग मंगलाष्टकांची शेवटची कडवी कितीही लांबवावी किंवा आवळावी लागोत. मामा अंतरपाट धरून असतात. शेवटचं ‘सावधान’ म्हणून झालं की गुरुजी हात वर करतात आणि त्याच क्षणी ताशाचा रोल पडला पाहिजे. अर्धा सेकंद आधी पडला तर मंत्रावर पडतो, उशिरा पडला तर अक्षता शांततेत पडतात आणि ते कानाला फार वाईट लागतं. अडचण एवढीच की त्या वेळी गुरुजी आणि मी यांच्यामध्ये दोन फोटोग्राफर, एक ड्रोनवाला आणि हात उंचावलेली शे-दीडशे माणसं असतात. मी गुरुजींना आधी भेटतो, नमस्कार करतो आणि सांगतो, हात नका वर करू, माइकवर ‘वाजवा’ म्हणा. बहुतेक गुरुजी हसून हो म्हणतात. एका वृद्ध गुरुजींनी मात्र सांगितलं होतं, “मंगलाष्टक कुठं संपतं ते तुला कळत नसेल, तर पाठ कर.” पाठ केलं.

लॉनवरच्या लग्नांची तऱ्हा निराळी. पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सवर मोठ्या तिथीला पाच-सहा लग्नं एका रांगेत लागलेली असतात. मधे पत्र्याची भिंत किंवा नुसता पडदा. आपली गायिका जुनं भावगीत घेते आणि पलीकडच्या डीजेचा खर्ज आपल्या पायाखालच्या फळीतून वर येतो. पहिल्या वर्षी मी कानात बोळे घालून लय धरून ठेवायचो. मग एका जुन्या ढोलकवाल्यानं शिकवलं की त्या खर्जाशी भांडायचं नाही, त्याच्या लयीत बसेल असं गाणं निवडायचं. तेव्हापासून लॉनवर आमचं पुढचं गाणं अर्धं शेजारच्या लग्नातला डीजे ठरवतो. आमच्या पाहुण्यांना वाटतं, आपल्या बँडचा बेस काय जबरदस्त आहे.

रात्री दहा वाजता हे सगळं बंद. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. बंद सभागृहांना तेवढी सूट आहे, तीही आवाज आतल्या आत राहिला तर. राज्य सरकार वर्षाकाठी पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत मुभा देऊ शकतं, पण ते दिवस सणांचे. कोणाच्या लग्नाचे नसतात. त्यामुळं लॉनचा मॅनेजर पावणेदहापासून घड्याळावर बोट आपटत उभा असतो, आणि नेमके तेव्हाच नवरदेवाचे कॉलेजचे मित्र रंगात येतात. ‘झिंगाट’ साडेनऊच्या आधी वाजवायचं नाही आणि पावणेदहानंतर सुरू करायचं नाही, हा आमचा अलिखित नियम.

आणखी एक शत्रू असतो, विजेचा. फुलांच्या कमानीचे दिवे, एलईडी पडदा, चाटच्या काउंटरची शेगडी आणि आमचा मिक्सर एकाच जनरेटरवर लावलेले असले, अर्थिंग धड नसलं, की स्पीकरमधून एक गुणगुण सुरू होते. ती आपल्याकडच्या विजेची, 50 हर्ट्झची. हा सूर धड पांढरी पाचही नाही आणि काळी चारही नाही. पांढरी पाचच्या जरासा वर कुठंतरी अडकलेला. कुठल्याच पट्टीत बसत नाही म्हणून प्रत्येक गाण्यात खुपतो. काही साउंडवाले प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकून हा आवाज घालवतात. आवाज जातो, पण मग ओल्या लॉनवर अनवाणी उभ्या असलेल्या गायिकेच्या हातातला माइक भरवशाचा राहत नाही. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, आमची लाइन वेगळ्या फेजवरून द्या, नाहीतर गुणगुण राहू द्या. या एका मुद्द्यावर मी कार्यक्रम थांबवतो. डेकोरेटर चिडतात. चिडोत.

कंपन्यांच्या कार्यक्रमात वीज चांगली असते, एसी असतो, स्टेज मोठं असतं, आणि तरी मला तिथं लग्नापेक्षा जास्त थकायला होतं. लग्नात प्रत्येक गाणं कोणाचं तरी असतं. आजीला तिच्या वेळचं हवं, मावशांना कोळीगीत, मित्रांना आणखी काही. कंपनीत गाण्यांची यादी एचआरकडून तपासून येते. दारूचा उल्लेख नको, ‘सोडून जाणे’ असं काही नको, कारण त्या वर्षी कपात झालेली असते. पहिल्या रांगेत साहेब बसलेले. साहेब हलले नाहीत तोवर मागच्या पंधरा रांगा हलत नाहीत. आम्ही तासभर चांगलं वाजवतो आणि समोर तीनशे लोक ओळखपत्र गळ्यात घालून बघत बसतात. मग साहेबांना कोणीतरी ओढून आणतं, ते दोन पावलं टाकतात आणि अख्खा हॉल उठतो. याला डीलर्स मीट मात्र अपवाद. सांगली-लातूरकडचे ट्रॅक्टरचे किंवा पंपांचे डीलर गोव्याच्या हॉटेलात आणलेले असतात. त्यांचा कोणी साहेब नसतो, स्वतःचं दुकान असतं. ते पहिल्या गाण्याला उठतात आणि गायकाच्या अंगावरून नोटा ओवाळतात. हॉटेलवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

बक्षीस समारंभ मला आवडतो, हे ऐकून आमचे गिटारवाले हसतात. विजेत्याचं नाव पुकारलं की तो खुर्चीतून उठून स्टेजवर पोचेपर्यंत काहीतरी वाजवायचं असतं. साठ-सत्तर नावं, प्रत्येकाला आठ-दहा सेकंद. कीबोर्डवर तयार तुकडा लावून देता येतो, बहुतेक बँड तेच करतात. मी हातानं वाजवतो, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. सेल्सवाला पोरगा पळत येतो, त्याला उडता केरवा. निवृत्तीला आलेले फोरमन खुर्चीच्या पाठीला धरत धरत येतात; त्यांच्यासाठी ठेका संथ ठेवायचा, पायरी चढताना एक क्षण थांबायचं, आणि हात मिळवला की झांजेवर उघडायचं. चाकणच्या एका कारखान्याच्या कार्यक्रमात कँटीनमधल्या बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उठायलाच तयार नव्हत्या. मी ठेका धरून ठेवला, वाढवत नेला, मागच्या रांगांनी टाळ्यांनी तो उचलला, आणि त्या शेवटी पदर खोचून ढोलाच्या तालावर ठसक्यात चालत आल्या. त्या संध्याकाळी आम्ही वाजवलेली गाणी मला आठवत नाहीत.

पैशांचं थोडक्यात सांगतो. लग्नाची निम्मी रक्कम सुपारी घेतानाच मिळते आणि उरलेली शेवटच्या गाण्याआधी पाकिटात. ‘आधी’वर आमचा कीबोर्डवाला ठाम असतो, कारण पाठवणी झाल्यावर पैसे मागायला कोणाचंच तोंड होत नाही. कंपनीकडून येणाऱ्या पैशाला व्हेंडर कोड, पर्चेस ऑर्डर, रद्द केलेला चेक, दहा टक्के टीडीएस आणि मधली इव्हेंट कंपनी एवढी कुंपणं. दोन-तीन महिने सहज जातात. एका इव्हेंट कंपनीनं आमचे पैसे दिवाळीपासून दिवाळीपर्यंत ठेवून घेतले होते. गाण्यांच्या हक्कांचंही असंच दुटप्पी आहे: लग्नाच्या सोहळ्यात वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार सूट आहे, आणि जुलै 2023 मध्ये केंद्राच्या उद्योग खात्यानं तशी जाहीर सूचनाही काढली, कंपनीच्या कार्यक्रमाला मात्र परवाना लागतो. तरी हॉटेलचा बँक्वेट मॅनेजर लग्नातही तो कागद मागतो, म्हणून त्या सूचनेची एक प्रत मी ऑक्टोपॅडच्या बॅगेत ठेवतो. काठ्यांच्या शेजारी.

जेवणाचा मुद्दा पैशापेक्षा मोठा. कंपनीच्या कार्यक्रमात आम्हाला ‘व्हेंडर मील’ मिळतं, हॉटेलच्या तळघरात, ड्रायव्हर लोकांबरोबर. आणि खरं सांगायचं तर ते वरच्या बुफेपेक्षा गरम असतं. लग्नात यजमानांच्या घरची बाई रात्री अकराला, सगळं आवरल्यावर, केबल गुंडाळत असलेल्या माणसाला हाताला धरून नेते, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणते, आणि मठ्ठा संपलाय याबद्दल स्वतःच ओशाळते.

कोरोनाच्या काळात, एप्रिल 2021 मध्ये लग्नाला फक्त पंचवीस माणसं आणि दोन तास, असा राज्यात हुकूम होता. तेव्हा आमच्यातल्या एकानं भाजीची गाडी लावली, एकानं ऑनलाइन शिकवण्या. मी ढोलकी परत काढली. दोन वर्षांनी लग्नं आली ती मोठाली होऊन आली, पण बँड लहान होऊन. आता पुष्कळ ठिकाणी कीबोर्डवाला पेन ड्राइव्हवर मायनस ट्रॅक लावतो, गायक वर गातो, आणि ऑक्टोपॅडवाला ट्रॅकबरोबर हात हलवतो. स्वस्त पडतं, आवाज सिनेमातल्यासारखा येतो, चुका होत नाहीत. नव्या पोरांना मी नावं ठेवत नाही; त्यांनाही घर चालवायचंय. पण ट्रॅकला थांबता येत नाही. नवरी दारातच अडकली, तिचा शालू कोणाच्या तरी पायाखाली आला, तर ट्रॅक पुढं निघून जातो आणि जिथं टाळ्या पडायच्या तिथं ती वाकून निऱ्या सावरत असते. आम्ही असलो तर चार मात्रांचं आवर्तन फिरवत राहतो, ती सरळ उभी राहीपर्यंत. काकांचं तर विचारूच नका. ट्रॅकवर काका दहाव्या मात्रेला सुरू झाले की पुढचं सगळं गाणं ट्रॅक एकीकडं, काका एकीकडं.

म्हणून आता कोटेशन पाठवताना खालच्या अटींत मी एक ओळ घालतो: ऑक्टोपॅडच्या जागेवरून मुख्य दार, वधूवरांचं स्टेज आणि जेवणाची रांग तिन्ही दिसली पाहिजेत. डेकोरेटर ती वाचतच नाहीत. परवाच एकानं आम्हाला थर्माकोलच्या भल्या मोठ्या हत्तीच्या मागं जागा दिली. म्हटलं, भाऊ, हत्ती हलवा. तो म्हणाला, “हत्ती फोटोला आहे दादा, तुम्हाला कोण बघतंय?” मी म्हटलं, मला कोणी नका बघू, मला बघायचंय. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी हत्ती हलला नाही, त्याची सोंड तेवढी काढली. दार दिसत होतं.